पितळी बटण

कृष्णात : तपासणीच्या कागदावर तारीख घातली बगा. मंगळवार, दहा डिसेंबर एकोणीसशे शेहेचाळीस. आता लायटीच्या कंपनीचा वायरमन म्हणून सांगतो अण्णा, घर समदं तपासलं, पर पास न्हाई करता येत.

अण्णा : का रे? दिवे तर लख्ख लागतात.

कृष्णात : लागत्यात. पर सैपाकघरातलं बटण न्हाणीच्या भिंतीवर हाय. भिंत वली, आतल्या तारेवरचं कापड कुजलंय. आन् बटणाची टोपी पितळेची. सकाळी कोरडा हात लावला, तर कोपरापत्तोर झिणझिण्या आल्या.

अण्णा : फौजेत तंबूतले दिवे लावून आलास, आणि आमच्या बटणाला घाबरतोस होय?

कृष्णात : बर्मात माझ्यादेखत माणूस चिकटलं हुतं. आज लाइन तोडू द्या. शनवारी चिनी मातीचं बटण बसवून देतो.

अण्णा : तेवढी स्वयंपाकघराची तोड.

कृष्णात : समदं घर एकाच तारेवर हाय.

अण्णा : मग शनिवारीच काय ते कर. गुरुवारी संध्याकाळी सांगलीचे पाहुणे येताहेत, आमच्या उमेला बघायला. त्यांना कंदील धरून मुलगी दाखवू का?

कृष्णात : मग काकूंना तरी सांगून येतो.

अण्णा : आत जाऊ नकोस, ती सोवळ्यात आहे.

कृष्णात : आवं त्येच म्हणतोय. पहाटं वलेत्यानं दिवा लावत्यात त्या.

अण्णा : लिहून दे. उमे, ही चिठ्ठी घे. सोवळं सुटलं की आईला वाचून दाखव.

उमा : हो, अण्णा.

(चाळीस वर्षांनी. उमाच्या सांगलीच्या घरी, दुपारी.)

कृष्णात : नातीच्या लग्नाची पत्रिका वाटाय सांगलीत आलो, तवा पत्ता काढला. एकच इचारायचं हुतं, ताई. माझं अक्षर लागलं न्हाई का तुमास्नी?

उमा : अक्षर चांगलं होतं. मी चिठ्ठी वाचूनच दाखवली नाही.

कृष्णात : इसरलात?

उमा : विसरले असते तर बरं झालं असतं. आई भित्री. ऐकल्याबरोबर तिनं सगळे दिवे बंद करायला लावले असते. मला गुरुवारी दिवे हवे होते. म्हटलं, शुक्रवारी वाचू. ती बुधवारी पहाटेच गेली.

कृष्णात : आन् मी अक्षराला बोल लावत ऱ्हायलो. कंपनी सोडली, रहिमतपुरात ऊस केला. हिरीवरची मोटरबी दुसऱ्याच्या हातानं बसवली.

उमा : अण्णांनी तार कापून टाकली. उरलेलं आयुष्य कंदिलावर काढलं. चिठ्ठी वाचलीस का, एवढं एकदाही विचारलं नाही मला. विचारायला हवं होतं त्यांनी.

कृष्णात : भ्याले असतील, ताई. आन् त्ये पाव्हणं?

उमा : वर्षानं आले, भर दुपारी. हे त्यांचंच घर. दिवेलागणीला मी सुनेला हाक मारते. बटणाला माझा हात जात नाही.

कृष्णात : चिठ्ठी हाय का अजून?

उमा : आहे. आईच्या लुगड्याच्या घडीत.

कृष्णात : आणा. वाचा की आता.

उमा : "गोदावरीकाकूंस सांगणे. ओल्या हाताने बटणास शिवू नये. शनिवारी येतो."