मशीन थांबलं की...

...आणि वर मलाच म्हणतो, "सर, तुम्हाला काय अवघड आहे? बसलात की लिहून होईल!" बसलात की! तुम्हाला सांगतो, हे प्रकाशक लोक ना, लेखकाला कोंबडी समजतात... बसली की अंडं! आणि विषय काय, तर 'काळ'. म्हणजे वेळ हो, घड्याळातला. "हसतखेळत काळ! दीडशे पानं, भरपूर चित्रं, शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांना कळला पाहिजे!" अहो, मलाच अजून कळलेला नाही, आजोबांचं काय घेऊन बसलात?

नाही म्हणालो. सरळ तोंडावर. तर हसला! त्याला वाटलं, मी भाव खातोय. इथे दोन घास जात नाहीत, भाव कुठला खातोय!

खरं सांगू? माझी आधीची चार पुस्तकं लोकांनी सोपी-सोपी म्हणून डोक्यावर घेतली ना, ती सोपी मी केलेलीच नाहीत! आमच्या हिने केली. ही त्या कोपऱ्यात मशीनवर लोकांचे कपडे शिवायची आणि मी लिहिलेलं पान त्या खडखडाटात ओरडून ओरडून वाचायचो. मशीन चालू आहे तोवर ठीक. थांबलं की मेलो! चष्मा नाकावर, दोरा दातात, आणि प्रश्न... "म्हणजे काय?" थंडी घरात शिरत नसते, उष्णता बाहेर जात असते, हे एवढं एक वाक्य... अकरा दिवस! समीकरण दाखवलं, "म्हणजे काय?" आकृती काढली, "म्हणजे काय?" शेवटी मी वही आपटली, तेव्हा म्हणाली, "म्हणजे घरातली ऊब निघून जाते, एवढंच ना? मग तसं लिहा की! कशाला जीव खाताय?" तेच छापलं. कौतुक माझं झालं!

तिला जाऊन नऊ महिने झाले. मशीन तिथेच आहे, सुईखाली कुणाची तरी अर्धी बाही... काढायचा धीर होत नाही. आता मी वाचायला बसतो, तर मशीन आधीपासूनच थांबलेलं! मग कुठे अडलं ते कळायचं कसं? पहिल्या ओळीपासूनच अडलंय असं वाटतं हो.

हे सगळं प्रकाशकाला सांगितलं. मग म्हणतो कसा, "सर, आमच्या संपादक बाई आहेत ना! भौतिकशास्त्रात डॉक्टरेट, त्यांना सगळं कळतं!" सगळं कळतं? मग काय उपयोग!

म्हटलं, आता लेखीच नकार देऊ. का जमणार नाही ते अगदी मुद्देसूद लिहिलं, सवयीने त्या कोपऱ्याकडे बघून मोठ्याने वाचलं... कुणी अडवलं नाही, वाढत गेलं, सात पानं झाली! दिली पाठवून.

काल त्याचा फोन. "सर, पत्र मिळालं. मी दोनदा वाचलं, बाईंनाही दिलं वाचायला. पण... म्हणजे काय?"

घ्या! आता साधं 'नाही' लिहायलासुद्धा ती लागते मला.