मस्कतहून किती वेळ लागतो

चिकलठाणा विमानतळाबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईनं शेजारच्या माणसाला विचारलं,

"दादा, मुंबईहून इथं विमानाला किती वेळ लागतो?"

"तासभर, मावशी."

"अन् मस्कतहून मुंबईला?"

"अडीच-तीन तास. कोण येतंय?"

"लेक माझा, सम्यक. तिथं बांधकामावर होता. आई, लई लांब हाय, सारखं येता येत नाय म्हणायचा."

"आज येतोय ना? मग झालं."

"वरून पडला दादा. जागीच गेला. महिना झाला, पाठवतच नव्हते."

"मला माहीत नव्हतं, मावशी."

"तुमचं कोण येतंय?"

"मुलगी. विमान उतरलंय. चला, दारापाशी जाऊ."

"तुमी व्हा पुढं. माणसं त्या दारातून येतेत. सम्यकला मागच्या फाटकातून देणार हायेत."