कर्नल काय म्हनते

…भेऊ नका, बसा, चावत नाही तो. चावला असता तं बरं झालं असतं, चावनारं कुत्रं मानसाले समजते तरी, हा बोलते. ऐकलं ना आत्ता? वूऽऽ-वो-वो-वूऽऽ. त्याले भुकनं नाही म्हनत, रडनं नाही म्हनत, आमच्या घरात त्याले बोलनं म्हनतात, आन् हे मी नाही म्हनत, हे म्हनतात, म्हनजे आमचं मानूस, हवालदार मारोतराव. एकवीस वर्षं पलटनीत गाडी चालवली. लोकायचे नवरे रिटायर होऊन येतात तं काय आनतात, ट्रंक आनतात, कंबल आनतात, एखांदा रेडिओ आनतात… ह्यायनं कुत्रा आनला.

तुमाले सांगतो, ब्यायंशी सालची दिवाळी. लाखांदूरच्या एस्टीतून हे उतरले, आन् ह्यायच्या मागून हा उतरला, लांडग्यासारखं तोंड, मेंढीसारखे केस, आन् एक डोळा निळा, एक तपकिरी. आमच्या शेजारची गिरजाबाई पान्याचा गुंड घेऊन चालली होती, तिनं तो तसाच रस्त्यावर सोडून देला. आता कंडक्टरनं ह्याले गाडीत घेतलंच कसं? तं ह्यायनं त्याले सांगतलं म्हने, का हा मिल्ट्रीचा हाये. आन् कंडक्टरनं बसाले जागा देली. कुत्र्याले. मी त्याच एस्टीत लाखांदूरपर्यंत उभ्यानं जातो.

साहेबाचा कुत्रा व्हय. ह्यायचे कर्नल साहेब चालले होते परदेशात, त्यायनं जाताना कुत्रा ह्यायले देला, आन् ह्यायनं साहेबाची आठवन म्हनून कुत्र्याचं नाव ठेवलं कर्नल. आता तुमीच सांगा, मी हाक कशी मारू? 'कर्नल, उष्टं खाऊन घे' म्हनलं का हे तिकडून डोळे वटारत. मले वाटलं चला, कुत्रा तं कुत्रा, आंगनात पडून राहीन, चोरचिलट आलं तं भुकन. तं हा भुकतच नाही! चोराले पाहून शेपटी हालवते, आन् आपल्याले पाहून गाऱ्हानं सांगते.

मी म्हनलं, ह्याचा गळा बिघडला काय? तं हे हासले. म्हनले, 'हस्की जात हाये, बर्फावर गाडी ओढनारी. ते भुकत नाहीत. तुले नाही समजत, तो बोलून राहिला.' मले काय समजते, बाप्पा.

मंग सुरू झाली ना शाळा. लांब वूऽऽ केलं, म्हनजे त्याले एकटं वाटून राहिलं. तोंडातल्या तोंडात वो-वो-वो केलं, म्हनजे हुज्जत घालून राहिला. गुरगुर केली, म्हनजे माया करून राहिला. अरे, गुरगुर केली तं जगातलं समदं कुत्रं रागावते, हा एकटा माया कसा करते? 'तुले नाही समजत.' एक दिवस मी त्याच्यापुढं भात ठेवला, त्यानं तोंड फिरवलं आन् 'आऊ' केलं. हे छपरीतून उठून आले. म्हने, 'त्याले वाईट वाटलं. तू भात आपटून ठेवला.' आता खरं सांगतो, ठेवला होता आपटून. पन एकवीस वर्षं हे सुट्टीत येत, दर सुट्टीत मी ह्यायच्यापुढं ताट आपटून ठेवत होती, तवा ह्यायले ऐकू नाही आलं. ते समजाले कुत्रा लागला.

तुमाले खोटं वाटन, हे त्याच्या आवाजाची नक्कल करून लोकायले समजावून सांगत. पारावर बसत आन् गळा तानून वूऽऽ करत, पन्नास वर्षांचा मानूस, आन् समोर टिकाराम मान डोलवत बसे, कोतवाल आमच्या गावचा. त्याची म्हैस हरवली तं तो आमच्या घरी इचाराले आला, का कर्नलले काही वास गिस आला काय. ह्यायनं कर्नलले इचारलं, कर्नल वो-वो-वूऽ म्हनला, हे म्हनले, 'तलावाकडं.' म्हैस तलावाकडं सापडली. म्हैस तलावाकडं नाही तं काय कचेरीत सापडन? पन झालं, गावभर नाव झालं. मी एवढंच म्हनलं, का माही कंबर दुखून राहिली, चार गुंड पानी तुमी आनून देता काय. तं हे म्हनले, 'चूप. तो काही सांगून राहिला.' मले काय समजते, बाप्पा.

गिरजाबाईले मातर तो अजिबात खपत नव्हता. तिचा सासरा दादाजी तवा खाटेवर पडला होता, अंगात ताप, अन्न सुटलेलं, आन् इकडून दिवसभर ह्याचं वूऽऽ. आपल्याकडं कुत्रं असं रडलं तं काय म्हनतात, तुमाले माईत हाये. ती आली भांडाले, पदर खोचून. म्हने, तुमचा कुत्रा माह्या सासऱ्याले बोलावून राहिला. हे म्हनले, 'बोलावून नाही राहिला बाई, तो दादाजीची इचारपूस करून राहिला.' आन् मंग काय झालं आयका. दादाजी ऐकत होता ना पडल्या पडल्या. त्यानं खाटेवरून उत्तर देलं. ऊऽऽ करून. इकडून हा, तिकडून तो, चार दिवस चाललं, घरातलं कोनी म्हाताऱ्याशी एवढं बोललं नसन. पाचव्या दिवशी दादाजी उठून बसला आन् भाजी-भाकर मागाले लागला. आता गिरजाबाई म्हनते, तुमच्या कुत्र्यापायी म्हातारा पहिल्यापेक्षा दुप्पट खाते.

असं चाललं होतं. मंग उन्हाळा आला. उन्हाळा म्हनजे नवतपा, मे महिन्याच्या आखरीचे ते नऊ दिवस, आपल्याकडं चिमनी उडता उडता खाली पडते. आन् ह्याच्या अंगावर दोन कंबलीचे केस. पहिले दोन दिवस त्यानं खूप आरडाओरडा केला, हे म्हनले, 'बर्फाची आठवन काढून राहिला.' तिसऱ्या दिवशी सकाळपासून गप्प. वू नाही, वो नाही. धानाचं बी आनाले हे लाखांदूरले निघाले होते, पायात चपला घालून राहिले होते. मी म्हनलं, अवो, हा आज बोलून नाही राहिला. ह्यायनं त्याच्याकडं पाहिलं, त्याच्या डोस्क्यावरून हात फिरवला आन् म्हनले, 'खुश हाये. मन भरलं का तो गप्प राहते.' आन् गेले.

आता मी एक सांगतो, हासू नका. मी बी एकदा गप्प झाली होती. लगनानंतर सहा वर्षांनी, हे तिकडं सरहद्दीवर, आन् इथं माहा दुसरा पोरगा तापात गेला, अडीच वर्षांचा. महिनाभर मी तोंड नाही उघडलं. दिरानं ह्यायले पत्र टाकलं, पोराचं कळवलं, आन् खाली लिहिलं, वहिनी शांत हाये. ह्यायचं उत्तर आलं, का ती शांत हाये वाचून जिवाले बरं वाटलं, तिनं मन घट्ट केलं. …मन घट्ट केलं.

तं दुपारी बारा-साडेबाराले मी छपरीत आली. हा आडवा पडला होता. जीभ बाहेर, जांभळी. तोंडातून चिकट लाळ. पाय आपोआप हालून राहिले, पळल्यासारखे. मी म्हनलं, कर्नल. कान बी नाही हालवला. आन् तुमाले सांगतो, मले कुत्र्याच्या आवाजातलं काही म्हनजे काहीच समजत नाही, पन ते गप्प राहनं मले समजलं.

डोक्यावर पानी टाकलं तं घरात पानी किती, दोन गुंड. ते संपलं. उचलू म्हनलं तं अर्ध्या पोत्याचं वजन. मी गिरजाबाईले हाक मारली. ती आली, तिनं पाहिलं, आन् मले वाटलं ही म्हनन, बरं झालं. तिनं घरून आपली खाट आनली. त्याले खाटेवर टाकलं, माही ओली साडी त्याच्यावर पांघरली, वरून खालपर्यंत, ऊन लागू नये म्हनून, आन् तिनं पुढून, म्या मागून, निघालो बोडीकडं, गावाजवळच्या लहान तळ्याकडं.

आता इचार करा. भर दुपार, दोन बाया, खाट, खाटेवर पांघरलेलं, आन् खाट गिरजाबाईच्या घरची. टिकाराम कडुलिंबाखाली बसला होता. तो उठला, त्यानं टोपी काढली, आन् आमच्या मागं मान खाली घालून चालाले लागला. मंग अजून दोघं. मंग चार बाया, पदर डोळ्याले. कोनी इचारेना, सांगाले आमच्यात दम नव्हता. टिकारामनं येऊन गिरजाबाईच्या हातातून खाट आपल्या खांद्यावर घेतली आन् हळूच म्हनला, 'मोठा भला मानूस होता दादाजी.' तेवढ्यात दादाजी सोता काठी टेकत दारात आला आन् म्हनला, 'कोन गेलं रे?'

टिकारामच्या खांद्यावरून खाट सुटतच होती. मी म्हनलं, मुकाट्यानं चाल, कोनी नाही गेलं, आन् थांबला तं हा खरंच जाईन.

बोडीत पानी कुठचं मे महिन्यात, मधात मांडीभर, आजूबाजूले चिखल, आन् टिकारामचीच म्हैस बसलेली. मी तशीच आत शिरली, ह्याले मांडीवर घेतलं, कमरेपर्यंत बुडवलं, त्याच्या पोटावर, कानावर, पायाच्या पंज्यावर ओंजळीनं पानी टाकत बसली. वरून ऊन, खालून चिखल, बाजूले म्हैस. काठावर अर्धं गाव. मेलेलं पाहाले आले होते, घरी कोनी गेलं नाही. किती वेळ बसली काय माईत. हात भरून आले. मी त्याच्या कानात शिव्या देत होती, म्हनलं, मेल्या, सात महिने तू माहं डोस्कं खाल्लं, आन् आज काहून तोंड शिवून बसला, बोल ना. बोल.

मंग त्यानं एक डोळा उघडला, निळा वाला. आन् एकदम बारीक, आतल्या आत… वू.

काठावरून टिकाराम म्हनला, 'काकू, काय म्हनते तो?'

तेवढ्यात तीनची एस्टी आली. हे उतरले, बोडीवर गर्दी पाहिली, खांद्यावरचं बियाचं पोतं तिथंच फेकलं आन् पळत आले. काठावर येऊन उभे राहिले. मी पान्यात, केसात चिखल, आन् ह्यायचा कर्नल माह्या मांडीवर. त्यानं ह्यायच्याकडं पाहून पुन्हा केलं, वो-वूऽ. समदे ह्यायच्या तोंडाकडं पाहू लागले, का आता हे सांगतात अर्थ. ह्यायनं तोंड उघडलं, बंद केलं. आन् मंग माह्याकडं पाहिलं, तुमाले सांगतो, लगनाले सत्तावीस वर्षं झाली, असं कधी पाहिलं नव्हतं, आन् म्हनले,

'सत्यभामा, काय म्हनते तो?'

मले काय समजते, बाप्पा! पन समदं गाव ऐकून राहिलं होतं. मी म्हनलं, 'तो म्हनते, विहिरीवरून पानी आनून घरचं समदं भरून ठेवा. तुमी. रोज.'

आन् हे गेले ना. तसेच, सरळ विहिरीकडं.

दिवस बुडता बुडता आमी त्याले घरी आनलं, आतल्या खोलीत ओल्या पोत्यावर निजवलं. हे दाराशी बसले होते. म्हनले, 'मले वाटलं तो खुश हाये.' मी म्हनलं, तुमाले तसंच वाटते. मंग हळूच म्हनले, 'तवा बी… पोरगा गेला तवा बी मले तसंच वाटलं.' पन ह्यावेळी मी गप्प राहिली तं हे उठून माह्याजवळ येऊन बसले. एवढं झालं बा. खोटं कायले सांगू.

तवापासून मीच झाली ना दुभाषी. टिकाराम आता माह्याकडं येते इचाराले. आन् कर्नलच्या मनात काय काय असते म्हनता! कर्नल म्हनते, आंगन झाडा. कर्नल म्हनते, गिरजाबाईची खाट ढिली झाली, कसून द्या. कर्नल म्हनते, सत्यभामाले चार दिवस माहेरी, नाकाडोंगरीले पाठवा, आन् जाताना एस्टीवर पोचवाले या. सत्तावीस वर्षं मी सरळ मराठीत बोलली, एक काम झालं नाही. कुत्रा वू म्हनला का हवालदार सावधान. ह्यायले समजत असन का हे समदं मीच सांगतो? समजत असन. मी इचारत नाही, ते बोलत नाहीत.

ऐकलं, पुन्हा वूऽऽ? थांबा, त्यानं चहा सांगतला तुमच्यासाठी. हे चूल पेटवतीलच आता. चहा ह्यायच्या हातचा बरा होते, फक्त साखर अर्धीच टाकतात, किती दिवस झाले सांगावं म्हनतो… पन कुत्र्याच्या तोंडून साखर कशी मागू? प्या तसाच.