माहेरच्या यादीतलं नाव

सिद्धम्मा : आन न्हाईच केला हात वर, तर काय करशील? भाकरी बंद करशील सासूची?

मंजुश्री : भाकरी कशाला बंद करीन आत्या? मी नुसतं विचारलं. अकराला ग्रामसभा आहे, दहा वाजून गेले. तुम्ही अजून लुगडंसुद्धा बदललं नाही.

सिद्धम्मा : हेच बरं हाय. सभा हाय, लगीन न्हाई.

मंजुश्री : म्हणजे येताय.

सिद्धम्मा : म्या आसं म्हनले का?

मंजुश्री : हे झबलं बघा. सकाळी धुऊन दोरीवर टाकलं होतं. बोट फिरवा त्याच्यावरून. फिरवा तर... बघितलं? काजळाच्या डबीत बोट घातल्यासारखं झालं. आणि हा म्हणे अजून कारखाना नाही, नुसती चाचणी. पंधरा दिवस टायर जाळून बघतायत.

सिद्धम्मा : जाळत न्हाईत, वितळवतेत. तेल निघतंय त्याचं. वीरण्णा सांगत व्हता.

मंजुश्री : वीरण्णा भावजी सांगणारच. कारखाना त्यांचाच आहे.

सिद्धम्मा : आन त्यो माझ्या पाठच्या भावाचा लेक हाय. ह्या कडंवर खेळवलाय त्याला. ताप आला का माझ्याच मांडीवर झोपायचा.

मंजुश्री : आणि ईश्वरी तुमच्या लेकाची लेक आहे. आठ महिन्यांची. दुपारी झोपली की मी छातीवर हात ठेवून श्वास मोजत बसते. लातूरचे डॉक्टर म्हणाले, मिनिटाला पन्नासच्या वर गेले तर वाट बघू नका, घेऊन या. काल अठ्ठेचाळीस होते.

सिद्धम्मा : मोजत नको बसू सारखं. मोजल्यानं दिष्ट लागते लेकराला.

मंजुश्री : आणि धुरानं?

सिद्धम्मा : तुझ्या मोबाइलात ते मुंबईचं सभागृह दिसतंय की. टेबलं बडवतेत, कायदे करतेत. धुराचा कायदा बी केला आसंल. त्यायलाच सांग बंद कर म्हून. म्हातारीला कशाला पुढं ढकलतीस?

मंजुश्री : कायदे आहेत हो. पण कायदा काय स्वतःच्या पायानं तालुक्याहून, रेणापूरहून चालत येतोय? ग्रामसभेनं ना-हरकत दिली की पुढं तोच कागद दाखवणार सगळीकडं. ‘गावाची तक्रार नाही’ म्हणून. आज तोच ठराव आहे. हात मोजणार आहेत. काल महिलांच्या सभेनंतर आम्ही बसून घर अन् घर मोजलं. इकडं जेवढे, तिकडं तेवढेच. एका-दोन हातांवर आलंय आत्या.

सिद्धम्मा : मंग तुझा घाल की त्यात.

मंजुश्री : माझा धरत नाहीत.

सिद्धम्मा : का बरं? पंधरावी शिकलीस. आमच्यासारखा अंगठा न्हाई.

मंजुश्री : ठाऊक आहे तुम्हाला. मतदार यादीत नाव असेल त्याचाच हात धरतात. माझं नाव इथल्या यादीत नाही.

सिद्धम्मा : कुठं हाय?

मंजुश्री : भोकरकडं. माहेरी.

सिद्धम्मा : लगीन होऊन पाच वर्सं झाली. अंगणवाडीची साखराबाई, यादीचं काम हाय तिच्याकडं, तीन खेपा आली फॉर्म घेऊन. तिन्ही बारीला चहा पिऊन गेली, फॉर्म काय दिला न्हाईस.

मंजुश्री : दादा म्हणाला होता, राहू दे.

सिद्धम्मा : म्हननारच. तीन मतानं निवडून आला त्यो तिथल्या पंचायतीवर. अंगाची हळद उतरली नव्हती तुझ्या, तवा दारात जीप आली व्हती. मत टाकून आलीस आन साडी बी घेऊन आलीस.

मंजुश्री : सगळ्याच लेकींना नेतात तशी.

सिद्धम्मा : तेच म्हनते म्या. तुझ्यानं भावाच्या यादीतलं एक नाव हलंना. आन मी भरल्या सभंत भावाच्या लेकाच्या इरोधात हात करू? तुझं माहेर तेवढं माहेर, आन माझं?

मंजुश्री : (फोन उचलते.)

सिद्धम्मा : बोल की. फोन कुनाला लावतीस?

मंजुश्री : थांबा. इथंच थांबा.

(ती फोन लावते आणि स्पीकरवर टाकते.)

राजशेखर : हाव, बोल मंजे. घाईत हाय. भाची बरी हाय का?

मंजुश्री : खोकतेय. दादा, मी तिथलं नाव काढतेय.

राजशेखर : कुणाचं नाव?

मंजुश्री : माझं. यादीतलं. आज इथं ग्रामसभेत हात मोजायचेत, तिथंच फॉर्म देतेय.

राजशेखर : येडी झाली का तू? दोन महिन्यावर इलेक्शन आलं. इथं मी एकएक मत गोळा करून राहिलो, पुण्याला गेलेल्या पोरांच्या हातापाया पडून राहिलो, आन सख्खी बहीणच चालली?

मंजुश्री : मागच्या वेळी म्हणालास, इलेक्शन होऊ दे, मग काढू.

राजशेखर : मग होऊ दे की! मीच येतो फॉर्म भरायला. आज भरून आजच्या आज तुला तिथं कोण हात करू देणार हाय?

मंजुश्री : आज कुणी नाही करू देणार. माझ्या चुकीनं. पण ही सभा काय शेवटची नाही. माझं लेकरू इथलं वारं छातीत घेतंय दादा, आणि मला इथं बोलायला तोंडच नाही.

राजशेखर : तिकडचे लोक हसतील मला. घरातलंच फुटलं म्हणतील. आईला काय सांगू मी?

मंजुश्री : आहे ते सांग.

राजशेखर : सांगतो. मग पंचमीला बी नको येऊ तू. तिथल्याच गावात कर पंचमी.

मंजुश्री : दादा...

सिद्धम्मा : आन इकडं तो फोन. राजू, म्या सिद्धम्मा बोलते.

राजशेखर : शरणार्थ आत्याबाई. तुम्ही तरी सांगा हिला.

सिद्धम्मा : सांगते की. पंचमीला ती येनार. लेकराला घेऊन येनार. झोका मजबूत बांधून ठिव. ठिवते आता.

मंजुश्री : कट केला तुम्ही?

सिद्धम्मा : लईच बोलायलाय त्यो. डोळे पूस. फॉर्म कुठं हाय?

मंजुश्री : पिठाच्या डब्याखाली.

सिद्धम्मा : कोरा?

मंजुश्री : भरलाय. दिवाळीपासून भरून ठेवलाय. सही तेवढी राहिली होती.

सिद्धम्मा : कर मंग. साखराबाई सभेलाच भेटंल, तिच्या हातात दे. लेकराला टोपरं घाल, वारं हाय.

मंजुश्री : आणि तुम्ही, आत्या?

सिद्धम्मा : वीरण्णा दारातच हुबा आसंल. समद्यांदेखत पाया पडंल माझ्या. पुढच्या रांगंत खुर्ची दील.

मंजुश्री : हो. देतील.

सिद्धम्मा : तुला आत बसू देतेत का?

मंजुश्री : सभा मंदिराच्या मंडपातच आहे, पायरीवर बसता येईल. बोलता नाही येणार.

सिद्धम्मा : पायरीवरनं मी दिसंन का तुला?

मंजुश्री : दिसाल.

सिद्धम्मा : मंग लेकराला घेऊन तिथंच बस. हात मोजून होईस्तोवर नजर काढू नको माझ्यावरची.