पुढच्या पानावर काय आहे

जनार्दनपंत गेले, त्याच्या आदल्या दिवशीही इंदू त्यांच्यावर करवादली होती. "बाबा, हा दिवाळी अंक अजून वीस मराठी घरांत फिरायचाय. त्यात पेन्सिल चालवू नका." ते हसले आणि लिहीत राहिले.

महिन्याभरानं ती सदर बाजारच्या डाकखान्यात रांगेत उभी होती. पुढे दोन अनोळखी बायका मराठीत बोलत होत्या.

"यमुनाताई, तो भुतांचा अंक आमच्याकडे कधी?"

"आज पाठवते, लीला. पण भिशील."

"मी नाही भीत."

"मग मागच्या वर्षी न्हाणीच्या दाराशी सासूबाईंना कोणी उभं केलं होतं?"

"ती हडळ होती. हडळीला मी सूट देते. यंदा काय आहे?"

"विहीर. आतून हात वर येतो, आणि तिथेच समासात पेन्सिलीनं लिहिलंय, 'घाबरू नये. पुढच्या पानावर सगळे सुखरूप जेवायला बसतात.'"

"जनार्दनकाका. सगळं आधीच फोडायचे."

"म्हणून तर माझ्यासारखी भित्री वाचू शकली. भैया, ज़रा आगे बढ़िए."

"आता पुढच्या दिवाळीला आपलं आपणच भ्यायचं."

"हो ना. भला माणूस गेला."

इंदूनं यमुनाताईंच्या खांद्याला हात लावला.

"मी त्यांची मुलगी. अंक खराब करता म्हणून मी त्यांना फार बोलले. पण भुताची गोष्ट मीही आधी त्यांचा शेरा शोधून मगच वाचायची. बाबांना हे कधी सांगितलं नाही."