डावीकडून चौथा

मुलगी : अगं, पण तोच कशावरून?

आई : माझी पर्स हिसकावली, मला पाडलं, हात मोडला माझा. मला नाही कळणार? पोलिसांनी रांगेत उभे केले होते सगळे. डावीकडून चौथा. बघताक्षणी ओळखला.

मुलगी : ओळखीचा तर प्रत्येकच वाटला असेल. सगळे काळेच होते ना?

आई : काळ्याने चोरी केल्यावर गोरे उभे करणार होते का? आणि तू बस बघू एका जागी. येरझाऱ्या बघून गरगरायला लागलंय मला.

मुलगी : उद्या जबाबावर सही केलीस की तो आत जाईल, आई. मागून हिसका बसला, तू तोंडावर पडलीस. चेहरा पाहिलास कधी?

आई : पळताना वळला की.

मुलगी : काल म्हणालीस, पाठ दिसली.

आई : वकिलीण झालीस का? काळ्याशी लग्न केलंस, म्हणून तुला सगळेच साव वाटतात.

मुलगी : माझा नवरा दुकानात शिरला की रखवालदार मागे मागे फिरतो. लग्नाआधी मलाही ते दिसायचं नाही. आणि तू? स्टेशनवर त्याला आणायला गेलीस आणि भलत्यालाच ‘जावईबापू’ म्हणून हाक मारलीस!

आई : चष्मा नव्हता तेव्हा.

मुलगी : होता.

जावई : (चहाचे कप घेऊन येत) जिन्यापर्यंत आवाज जातोय तुमचा.

आई : तुम्हीच समजवा हिला.

जावई : मी? तोच असेल तर खुशाल सही करा, आई. आमच्या वस्तीत चोर आधी आम्हालाच लुटतात. माझ्या भावाचा पाय अजून धड नाही.

मुलगी : अरे, तू तरी...

जावई : थांब जरा. माझ्याकडे बघून माघार घेऊ नका, एवढंच. मीही उभा राहिलोय तसा रांगेत. कॉलेजात असताना. एका बाईंनी माझ्यावर बोट ठेवलं होतं.

आई : तुमच्यावर? कधी बोलला नाहीत!

जावई : काय बोलायचं? पुढे खरा सापडला, मला सोडलं. त्या बाई खोटं बोलत नव्हत्या हो. त्यांची अगदी खात्री होती.

आई : माझीही आहे की.

जावई : एक विचारू? मी पहिल्यांदा या घरी आलो, तेव्हा माझी भीती वाटली होती?

आई : वाटली होती. कपाटाला कुलूप घातलं होतं मी.

मुलगी : आई!

आई : विचारलं त्यांनी, सांगितलं. आता नाही वाटत.

जावई : तो चौथा दिसायला कसा होता?

आई : उंच. काळा.

जावई : तो तर मीही आहे.

आई : थांबा ना. नाक... नाक असं... आज सकाळीच तर बघितलं मी त्याला. अगं बाई, काहीच कसं आठवत नाही?

मुलगी : चहा घे आधी.

आई : राहू दे चहा. पोलिसांना फोन लाव. मला एका हाताने नाही जमत.

जावई : आई, माझ्यासाठी नको.

आई : तुम्ही गप्प बसा हो... हॅलो, साहेब? सकाळी आले होते ती, हात गळ्यात बांधलेली. मी ज्याच्यावर बोट ठेवलं ना, त्याचा चेहरा मी तेव्हा पाहिलाच नव्हता. नाही, उद्या सही नाही करणार... दबाव? छे हो. माझे जावई इथेच बसलेत, तेच माघार घेऊ नका म्हणतायत.