उद्याचे भाव

विद्यापीठातल्या त्या लाकडी बाकावर एका सहीसाठी मी इतका वेळ बसलो होतो, की बाकाला पालवी फुटायचीच बाकी होती. शेजारी एक म्हातारे शिंपी. त्यांची लेक आत प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला बसलेली. शिपाई आत चहा देऊन बऱ्याच वेळानं बाहेर आला.

"काका, ताईंनी घोळ घातला."

"काय केलं?"

"शेअरचे भाव आधीच सांगणारा त्यांचा प्रोग्रॅम आहे ना, साहेब त्याचंच कौतुक करत होते. ताई म्हणाल्या, तो चुकलाय, मला परवाच कळलं."

"काय चुकलं?"

"आजचा अंदाज बांधताना तो उद्याचे भाव बघत होता म्हणे."

"म्हणजे उत्तरं बघून पेपर सोडवल्यासारखं."

"तेच. सहा वर्षं कुणाला दिसलं नव्हतं. आजचा दिवस गप्प बसायचं की."

"त्याचं ॲप निघणार होतं पुढच्या महिन्यात. लोकांनी पैसे घातले असते."

"मीही नाव नोंदवलंय त्यात."

"मग?"

"मग... तुम्हालाही चहा आणतो, काका."

"राहू दे. लहानपणी तिच्यासमोर मी एक शिवून झालेला कोट उसवला होता. अस्तर तिरकं बसलं होतं."

"अस्तर कोण बघतं?"

"तिनंही हेच विचारलं होतं."

"पण नोकरी गेली तर?"

"जाईल. साहेब काय म्हणाले?"

"चूक कशी सापडली, विचारलं. तेव्हापासून ताई फळ्यावर लिहितायत. चहा गार झाला, कुणी कप उचलला नाही."

आत घंटी वाजली. शिपाई जाऊन आला.

"काय झालं रे?"

"खडू संपला. साहेबांनी अख्खा डबा मागवलाय."